रविवारी साखर तपासणी : येण्याआधी घरात कुणाला मधुमेह आहे ते विचारून या

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ७ ते ९ या वेळेत आपल्या सभागृहात उपाशीपोटी रक्तातील साखर तपासली जाईल. ज्यांच्या आई, वडील किंवा भावंडांना टाइप २ मधुमेह आहे, त्यांनी तर नक्की यावे. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलांना आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के, आणि दोघांना असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास धरली जाते. "मला काही त्रास नाही" म्हणून टाळू नका; सुरुवातीची कित्येक वर्षे त्रास जाणवतच नाही.

• आधी किमान ८ तास काही खाऊ नका. पाणी चालेल.
• घरात कुणाला, कितव्या वर्षी मधुमेह झाला ते लिहून आणा. ही माहिती मोठ्यांकडेच असते, आजच विचारा.
• गरोदरपणात साखर वाढली असेल तर तेही लिहा.

आकडा १०० ते १२५ आला तर ती मधुमेहाची पूर्वावस्था. घाबरू नका, वजन थोडे उतरवून आणि रोज अर्धा तास भरभर चालून मधुमेह टाळता किंवा लांबवता येतो. १२६ किंवा जास्त आल्यास डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या.

नावे शुक्रवारपर्यंत चिटणीसांकडे द्यावीत.