बर्फ वेळेवर लागला पाहिजे

संपादक महोदय,

हर्णै बंदरावर ३१ वर्षं मी बर्फाच्या कारखान्यात काढली. सुरमईला बर्फ लागायला उशीर झाला की लिलावात भाव पडतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. माणसाचंही तसंच, म्हणून हे पत्र.

अमेरिकेत काही लोक मेल्यावर देह अतिथंड करून ठेवतात; पुढेमागे वैद्यकाला जमलं तर उठवतील, या आशेवर. याला क्रायोनिक्स म्हणतात. जेम्स बेडफर्ड यांचा देह १९६७ पासून तसा ठेवलेला आहे. आमच्या लादीसारखं हे काम नव्हे. नुसतं गोठवलं तर पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात, म्हणून रक्त काढून गोठणरोधक द्रव भरतात आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. आजवर एकही जण उठलेला नाही, हेही सांगून टाकतो. पण सरणावरून तरी कोण उठलंय?

ज्याला पटेल त्याने हातपाय चालताहेत तोवर नाव नोंदवावं. मिशिगनमधल्या संस्थेत २८,००० डॉलरपासून खर्च येतो. बरेच जण तो आयुर्विम्यातून भागवतात. दापोलीहून अमेरिका लांब. घरचे रडत असताना कागद कोण शोधणार?

आमची ही विचारते, ‘मग दहाव्याला कावळा कशाला शिवायचा?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. इंग्रजी अर्ज मात्र नातीकडून भरून घेतोय.

– एक निवृत्त बर्फवाला, हर्णै (ता. दापोली)