ताई, ‘तुम्ही फक्त आमेन म्हणा’ म्हणालात, त्याबद्दल

प्रिय ताई,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण माझ्याकडून प्रार्थना होईना तेव्हा मन मोडणारे सल्लेही चारचौघांतच मिळाले होते. ‘प्रार्थनेत जोर नाही.’ ‘विश्वास कमी पडतोय.’ ‘पहाटे चारला उठा, उपास धरा, मग बघा कृपा कशी येत नाही ते!’ असलं ऐकून माणूस प्रार्थनेला बसायचंच टाळतो, आणि बसला तरी हजेरी लावल्यासारखा बसतो. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती काही मेहरबानी नव्हे, असं प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (4:4) स्वच्छ लिहून ठेवलंय. तरी कृपेचं मस्टर सांभाळणारी मंडळी भेटतातच.

तुम्ही एवढंच म्हणालात, ‘आज शब्द नाहीत ना? मग प्रार्थना मी करते. तुम्ही फक्त आमेन म्हणा.’ आणि तीन वाक्यांत संपवलंत. आवाज चढवला नाहीत, आडून उपदेश केला नाहीत, नंतर ‘आता बरं वाटतंय का?’ असंही विचारलं नाहीत. हे शेवटचं फार थोड्यांना जमतं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण छप्पर उघडून पक्षघाती माणसाला खाली सोडतात, आणि येशू ‘त्यांचा विश्वास’ पाहतो. खाटेवरचा माणूस तोवर एक शब्दही बोललेला नाही. हा उतारा प्रवचनांत कितीदा तरी येतो, पण खाटेचं एक टोक उचलायला पुढे होणारे मोजकेच. शहाणपण सांगणारे पुष्कळ असतात. समोरच्याला लाज वाटू न देता मदत करणारे कमी, आणि मंडळी, म्हणजे चर्च, उभी असते ती त्यांच्याच जिवावर.

पुढे तुम्ही जी रीत लावून दिलीत ती इथे मांडते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. दहा मिनिटं पुरेत, पण अंथरुणात नाही. आडवं झालं की झोप जिंकते. फोन दुसऱ्या खोलीत. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र, आपल्याच कानांना ऐकू येईल एवढ्या आवाजात. मनातल्या मनात वाचताना डोळे पुढे पळतात आणि वचन मागे राहतं. रोज पाच घेतली तर 150 स्तोत्रं महिन्यात होतात, पण सुरुवातीला तो हव्यास नको. 119वं तर 176 वचनांचं आहे, ते मुळातच आठ-आठ वचनांच्या 22 भागांत रचलेलं. रोज एक भाग घ्यावा. जिथे अडखळाल तिथेच थांबायचं, पुढचं वाचायची घाई नाही. मग त्याच वचनातून चार गोष्टी: शिकवण काय, उपकार कशाचे मानायचे, कबुली कशाची द्यायची, मागायचं काय. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1535 मध्ये आपल्या न्हाव्याला प्रार्थना कशी करावी हे लिहून दिलं, त्यातही हेच चार पदर आहेत. चारही रोज जमलेच पाहिजेत असं नाही, एकातच मन रमलं तर बाकीचे सोडून द्या, हेही त्यानेच सांगितलंय.

बिघडतं कुठे, तर बहुधा कबुलीत. ‘मी पापी आहे’ म्हणायला काहीच लागत नाही. काल कुणाला काय बोललो ते नाव घेऊन सांगायला जीभ जड होते. दुसरं म्हणजे मन भटकणं. त्याच्याशी झटापट केली की वेळ झटापटीतच जातो. थकलेलं बिल आठवलं, भांडण आठवलं, तर तेच देवापुढे ठेवायचं आणि पुन्हा वचनावर यायचं. आणि आमेन म्हणताच उठायचं नाही. आणखी दोन मिनिटं गप्प बसायचं, काहीही न मागता.

त्या दोन मिनिटांत बहुतेकदा काहीच ‘जाणवत’ नाही, आणि पुष्कळ जण इथेच सोडून देतात. पौलाने प्रभूला तीनदा विनवलं, तरी त्याला छळणारा ‘शरीरातला काटा’ गेला नाही. उत्तर आलं ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच. कृपा आली की नाही हे त्या वेळच्या भावनेवरून कळत नाही. ती दुपारी कळते, उलट उत्तर ओठांवर येऊन परत जातं तेव्हा. नाही परतलं, तर लूकच्या शुभवर्तमानातल्या जकातदाराचं एक वाक्य जागच्या जागी म्हणायचं: ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. थकबाकी भरायची नसते, हे तुम्ही मान्नाच्या, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाकडून मिळणाऱ्या अन्नाच्या, गोष्टीवरून सांगितलंत: रोजचा रोज गोळा करायचा, साठवला तर किडे पडायचे, शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसाचा, तेवढा अपवाद.

आणखी एका गोष्टीचे आभार वेगळे मानते. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं. शेवटी आशेची एक ओळही नाही. ते वाचायचा दिवस आला तेव्हा तुम्ही त्याला जोडून एखादं आनंदाचं स्तोत्र वाचायला लावलं नाहीत.

आपली,
मंडळीतली एक