चि. अनिकेतला, ओट्सच्या मऊ बारबद्दल

रावेर

चि. अनिकेत,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू ऑफिसला निघायच्या घाईत होतास आणि माझीही इकडे फोडणी जळत होती. व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांत लिहिलं तर तू निम्मं वाचशील आणि उरलेल्याला अंगठा दाखवशील, म्हणून एकदाच नीट लिहून पाठवते.

तुझ्या बारच्या पहिल्या खेपेचा भुगा झाला आणि दुसऱ्या खेपेचे दगड झाले, असं तू म्हणालास. भुगा का झाला ते सरळ आहे. कोरडे ओट्स, वरून दोन चमचे मध आणि खजुराचे तुकडे, एवढ्यावर काही धरून राहत नाही. दुसऱ्या वेळी तू गुळाचा पाक करून त्यात ओट्स ढवळलेस. म्हणजे चिक्कीच केलीस की रे! पाक उकळत राहिला की त्यातलं पाणी उडत जातं आणि गार झाल्यावर तो कडक होतो. लोणावळ्याच्या चिक्कीला नेमकं तेच हवं असतं. आपल्याला मात्र छोट्या सईच्या दातांना आणि तुझ्या बाबांच्या कवळीला चालेल असं करायचंय, तेव्हा पाक हा शब्द डोक्यातून काढून टाक.

मऊपणा तुपामुळे येतो असं बहुतेकांना वाटतं. तुपाने चव येते, खुसखुशीतपणाही येतो, पण बार दुसऱ्या दिवशी मऊ राहतो तो आत टिकून राहिलेल्या पाण्यामुळे. म्हणून सगळी युक्ती पाणी आत धरून ठेवण्याची. हे काम तीन गोष्टी करतात: भिजलेले ओट्स, शिजवून किंवा कुस्करून घेतलेलं फळ, आणि फळातली साखर. खजुरातली साखर बरीचशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात असते. ती पाणी धरून ठेवते आणि सहजासहजी दाणेदार होत नाही. मी वर्गात हे शिकवायचे तेव्हा मुली पटापट उतरवून घ्यायच्या आणि घरी जाऊन पाकच करायच्या, ते जाऊ दे.

ओट्स घेताना पाकिटावर ‘रोल्ड’ लिहिलेले, जाड चपटे घे. इन्स्टंटवाले फार पातळ लाटलेले आणि तुकडे केलेले असतात, त्यांचा लगदा होतो. स्टील-कट म्हणजे नुसते कापलेले दाणे, ते या वेळात शिजणारच नाहीत. आणि मसाला ओट्सचं पाकीट चुकून उचलू नकोस, तुझं लक्ष कुठे असतं ते मला ठाऊक आहे. ओट्समध्ये गव्हापेक्षा स्निग्धांश जास्त असतो, म्हणून ते खवट होऊ नयेत यासाठी गिरणीतच त्यांना वाफ देतात आणि मग लाटतात. त्यामुळे आपल्या हातात येतात तेव्हा ते थोडेफार शिजलेलेच असतात आणि पाणी चटकन पितात. पाकीट उघडल्यावर नाकाशी धरून बघ. कडवट, जुन्या तेलासारखा वास आला तर कितीही वेलची घातलीस तरी तो जाणार नाही.

आता केळ्यांचं. केळ्यांच्या मुलखात जन्मलेल्या माणसाने पुण्यात दुकानातून पिवळीधमक, कडक केळी आणून बार करावेत याचं मला हसू आलं. पिवळं म्हणजे पिकलेलं नव्हे. कच्च्या केळ्यात शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम स्टार्च असतो. पिकता पिकता त्याची साखर होत जाते आणि पूर्ण पिकल्यावर स्टार्च एखाद-दोन टक्केच उरतो. सालीवर काळे ठिपके चांगले दाट पडले, देठ मऊ झाला, घरभर वास सुटला, की ते केळं बारसाठी तयार. अशी केळी तुमच्या भाजीवाल्याकडे संध्याकाळी स्वस्तात मिळतील, कारण ती कुणाला नको असतात. आपल्याकडे वखारीतून माल निघतो तो हिरवा, वाटेत किंवा रायपनिंग चेंबरमध्ये पिकतो. दुकानात पिवळा दिसतो तेव्हा त्याचं निम्मं काम बाकी असतं.

खजूर मऊ घे, काळा, किमिया मिळाला तर उत्तमच. खारीक चालणार नाही, ती रात्रभर भिजवली तरी दोरे राहतात. बिया तू स्वतः काढ. ‘सीडलेस’ लिहिलेल्या पाकिटातही एखादी बी निघतेच, आणि ती सईच्या दाताखाली यायला नको.

प्रमाण लिहून ठेव. ओट्स २०० ग्रॅम. वजनकाटा नसेल तर साधारण सव्वादोन कप. सोललेली केळी २५० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराची अडीच-तीन. बिया काढलेला खजूर १५० ग्रॅम. गरम पाणी पाव कप. साजूक तूप तीन मोठे चमचे. चिमूटभर मीठ, वेलची किंवा दालचिनी, अर्ध्या लिंबाचा रस. भाजलेले तीळ आणि भोपळ्याच्या बिया मूठभर, पण सईसाठी त्यांची भरड कर. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा बदाम-काजू देऊ नये, घशात अडकतो. भरड करून किंवा बारीक वाटून घातला तर हरकत नाही.

खजूर गरम पाण्यात वीस मिनिटं झाकून ठेव आणि त्याच पाण्यासकट मिक्सरला फिरव. पाणी ओतून देऊ नकोस, गोडी त्यात उतरलेली असते. ओट्सपैकी एक तृतीयांश कोरडेच मिक्सरमध्ये एकदोनदा फिरवून रव्यासारखे कर. हा रवा मोठ्या ओट्सच्या फटी भरतो आणि त्यामुळेच काप सुटा पडत नाही. केळी काट्याने कुस्कर. मिक्सरला लावलीस तर फार पातळ होतात. मग सगळं एकत्र कर, तूप वितळवून घाल, आणि झाकून अर्धा तास विसरून जा. तू हीच पायरी गाळतोस, मला माहीत आहे. त्या अर्ध्या तासात ओट्स ओल शोषून फुगतात आणि त्यांच्यातला बीटा-ग्लुकान नावाचा विद्राव्य तंतू चिकट होतो. ओट्सची खीर गार झाल्यावर घट्ट आणि बुळबुळीत होते ना, ती त्याच्यामुळेच. इथे तोच आपला डिंक.

सोडा नको, अंडं नको, बेकिंग पावडर नको. त्यांनी हवा भरते आणि केक होतो. केक खायचा असेल तेव्हा केक कर, मी नाही म्हणत नाही.

भाजण्याबद्दल. तुझा ओटीजी, म्हणजे तो टेबलावरचा विजेचा ओव्हन, लहान आहे, त्यात वरची तापणारी कांडी ट्रेच्या अगदी डोक्यावर येते. दहा मिनिटं १७० अंशांवर तापव, दोन्ही कांड्या चालू, ट्रे मधल्या खणात. आठ इंचाच्या चौकोनी डब्याला बटर पेपर लाव, कागद दोन बाजूंनी बाहेर लोंबू दे म्हणजे नंतर अख्खी लादी उचलता येते. मिश्रण ओतलंस की वाटीच्या बुडाने चांगलं दाब. वरवर थापू नकोस, कोपऱ्यांतही दाब. जाडी पाऊण इंच ठेव. पंचवीस ते तीस मिनिटं लागतील. वीस मिनिटांनी बघ, वरून रंग पुढे गेला असेल तर ॲल्युमिनियम फॉइल अलगद पसर. कडा तांबूस, सुटायला लागलेल्या, आणि मधोमध बोट दाबलं तर किंचित दबून परत वर येईल, तेव्हा बंद कर. सुरी खुपसून ती कोरडी निघते का बघू नकोस, ती परीक्षा केकची. इथे सुरी कोरडी निघाली म्हणजे बार उद्या कोरडा.

एअर फ्रायरमध्ये करता येतील का, असं केतकीने विचारलं होतं. येतील, पण त्यातला पंखा गरम हवा जोरात फिरवतो आणि वरचा थर वाळवतो. तिला सांग, १५० अंशांवर आणि पहिल्या अर्ध्या वेळात वरून फॉइल घट्ट लावून. फॉइल सुटं ठेवलं तर उडून कांडीला लागेल.

आणि कापायची घाई नको. गरम असताना कापलंस तर भुगा आणि दोष माझ्या प्रमाणाला. डब्यातच पूर्ण गार होऊ दे, मग तासभर फ्रिजमध्ये, मग धारदार सुरीने वरून खाली एकदाच दाबून काप. करवतीसारखी मागेपुढे फिरवू नकोस.

फळं बदलायची असतील तर एकच गोष्ट बघ, त्यात पाणी किती. केळ्यात तीनचतुर्थांश पाणी असतं, आंब्यात ऐंशी टक्क्यांच्या वर, स्ट्रॉबेरीत नव्वदच्या आसपास. महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी आणलीत आणि तशीच चिरून घातलीत तर बार भिजट होतील आणि मध्ये कच्चे राहतील. आधी ती कढईत मऊसर जॅम होईपर्यंत आटव. आमरसाचंही तसंच, निम्मा होईपर्यंत आटवून मग घाल. चिकू मात्र केळ्याच्या जागी सरळ जातो, दालचिनीशी त्याचं फार छान जमतं. आंबट चव हवी असेल तर आंबापोळीचे बारीक तुकडे घाल. दुकानातल्या सुकवलेल्या क्रॅनबेरीपेक्षा मला ती कितीतरी आवडते, शिवाय क्रॅनबेरीला बहुधा साखर लावलेलीच असते.

मध घालायचा असेल तर घाल, सईला चालेल. पण केतकीच्या ताईचं बाळ अजून वर्षाचं झालेलं नाही, ते घरी येईल तेव्हा मध घातलेला तुकडा त्याच्या तोंडाशी नेऊ नका. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना त्यांचं काही होत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. भाजल्यानेही ते मरतील याची खात्री देता येत नाही.

आता ज्यावरून तुझं-माझं फोनवर वाजलं त्याबद्दल. तू म्हणालास, यात साखर नाही, ओट्स आहेत, म्हणजे बाबांच्या कोलेस्टेरॉलला चांगलं, रोज दोन-तीन खाल्ले तरी चालतील. हिशेब करू या. दीडशे ग्रॅम खजुरात शंभरेक ग्रॅम साखर, केळ्यांत आणखी तीसेक. सोळा तुकडे केलेस तर प्रत्येकात आठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचे दोन चमचे. चमच्याने घातली नाही एवढंच. ओट्सचं म्हणशील तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये कोलेस्टेरॉलबाबतचा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली ती दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकानच्या हिशेबाने. ओट्समध्ये ते चार टक्क्यांच्या आसपास असतं. दोनशे ग्रॅमचे सोळा तुकडे, म्हणजे एका तुकड्यात अर्धा ग्रॅम. तीन ग्रॅमसाठी बाबांनी सहा बार खायचे, आणि त्याबरोबर बारा चमचे साखर! त्यापेक्षा त्यांना सकाळी ताकातले ओट्स जिरं-कढीपत्त्याची फोडणी देऊन दे, कुरकुर करतील पण खातील. बार हा खाऊ आहे. चार वाजता भूक लागली, सईला बागेतून आल्यावर काहीतरी हवंय, तू सिंहगडावर निघालास, अशा वेळी एक. बिस्किटाच्या पुड्यापेक्षा केव्हाही बरा, पण म्हणून त्याला औषध करू नकोस.

विकतचे बार महिनोन्‌महिने मऊ कसे राहतात, हे तुझं कोडं होतं ना? पाकीट उलटं करून वाच. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, तेव्हा पहिले तीन-चार बघितले तरी पुरे. बऱ्याच बारमध्ये लिक्विड ग्लुकोज किंवा इन्व्हर्ट सिरप (दोन्ही द्रवरूप साखराच) असतं, कित्येकांत ४२२ हा आकडा दिसेल, ते ग्लिसरीन. पाणी धरून ठेवायचं आणि बुरशीला ते मिळू द्यायचं नाही, हे काम ते करतं. विष वगैरे काही नाही, उगाच घाबरायला नको. आपल्याकडे ती सोय नाही एवढंच, म्हणून आपले बार टिकत नाहीत. उन्हाळ्यात बाहेर एक दिवस, थंडीत दोन. फ्रिजमध्ये घट्ट डब्यात चार-पाच दिवस. पुण्याच्या पावसाळ्यात बाहेर ठेवूच नका. जास्त केलेत तर एकेक तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका, दोन महिने नीट राहतात. फ्रिजमधून काढल्यावर थोडे घट्ट लागतील, स्टार्च गारठ्याने आवळतो. मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद किंवा तव्यावर झाकण ठेवून मिनिटभर, की पुन्हा मऊ.

केळ्यांची पेटी उद्याच्या ट्रॅव्हल्सने पाठवतेय, ड्रायव्हरचा नंबर मी तुला पाठवते. शिवाजीनगरला पहाटे उतरेल, झोपून राहू नकोस. चार फण्या आहेत, हिरव्याच. फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका. तेरा अंशांच्या खाली कच्चं केळं गेलं की साल काळवंडते आणि आतून ते पिकतच नाही. दोन फण्या कागदी पिशवीत सफरचंदाबरोबर ठेव, त्या आधी पिकतील. उरलेल्या मोकळ्या टांग, म्हणजे सगळी एकदम पिकून गळ्यात पडणार नाहीत.

सईचा खोकला कमी झाला का ते कळव.

तुझी,
आई

ता. क. तुझा डबा आठ इंची आहे की नऊ, ते पट्टीने मोजून सांग. नऊ असेल तर ओट्स २५० ग्रॅम घे आणि बाकी सगळं त्याच हिशेबाने वाढव, नाहीतर लादी पातळ होईल आणि पुन्हा वाळेल.