अंदमानातल्या शहीद द्वीपच्या (नील बेट) भरतपूर किनाऱ्यावरच्या स्नॉर्कलवाल्या भाऊंना, साताऱ्याहून

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या मंडळींना स्नॉर्कलिंग, म्हणजे डोळ्या-नाकावर मास्क आणि तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगत खालचं पाहणं, नीट घडवलंत, त्याचे आभार मानायला हे पत्र. तुम्हाला मराठी येत नाही हे ठाऊक असून मराठीतच लिहितोय. कुणीतरी हिंदीत वाचून दाखवेलच. शिवाय सातारा, वाई, कोरेगावकडून हिवाळ्यात अंदमानला निघणाऱ्या मंडळींच्याही कानावर हे पडायला हवं, म्हणून उघड पत्र.

पहिले आभार मिशीबद्दल. आमच्याकडच्या माणसांना मिशा असतात आणि मिशीचं स्नॉर्कलिंगच्या मास्कशी जमत नाही. मास्कची सिलिकॉनची कड कातडीला नीट चिकटली तरच पाणी बाहेर राहतं. मध्ये केस आले की तेवढ्या फटीतून पाणी झिरपतं, नाकात जातं, आणि घाबरलेला माणूस तोंडातली नळीच सोडून देतो. तुमच्या शहीद द्वीपला येण्याआधी दुसऱ्या एका बेटावर आमच्या लोकांना हेच झालं. तिथल्या वस्तादांनी काय केलं, तर पट्टा करकचून आवळला! पट्टा जास्त आवळला की कड दुमडते आणि पाणी आणखीच येतं. वर "अंकल, मिशी काढून यायचं ना" हा शेरा. पाण्याखाली दोन फोटो काढले, बाहेर काढलं, पैसे पूर्ण घेतले.

तुम्ही खिशातून व्हॅसलीनची डबी काढलीत. आमच्या मामांच्या मिशीला परस्पर हात लावला नाहीत. आधी स्वतःच्या वरच्या ओठावर बोट फिरवून दाखवलंत, मग डबी पुढे धरून विचारलंत, "आप लगाएँगे या मैं लगा दूँ?" मामांनी स्वतःच लावलं, नाकाखाली जिथे कड टेकते बरोबर त्या रेषेत, आणि गळती थांबली. साताऱ्यात माणसाच्या मिशीला विचारल्याशिवाय हात लावत नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ती रीत उपजत असते. मागे दहा गिऱ्हाइकं रांगेत उभी असताना समोरच्याचा मान ठेवणारी माणसं अजून आहेत, म्हणून तर घराबाहेर पडावंसं वाटतं.

काकूंच्या कपाळावरची बटही तुम्ही अशीच त्यांना स्वतःला मागे सारायला लावलीत. मास्क पट्ट्याशिवाय चेहऱ्याला लावायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क पडला नाही तर माप बरोबर. ही परीक्षा तुम्ही प्रत्येकाची घेतलीत. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या फुगीर भागावर, सैलसर. काचेला आतून थुंकी चोळून पाण्याचा एक हबका, म्हणजे धुकं धरत नाही. (काकूंनी नाक मुरडलं, पण काच स्वच्छ राहिली.) कपाळाला सनस्क्रीन नको, ते ओघळून डोळ्यांत उतरतं, त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा. आणि आत पाणी आलंच तर मान थोडी वर, मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकाने जोरात फुंकायचं. पाणी खालून निघून जातं.

पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांची वेगळीच खोड असते. डोकं पाण्याबाहेर ठेवायची सवय, त्यामुळे पाय खाली लोंबतात. भरतपूरला पाणी उथळ, पाय प्रवाळावर आदळतात. प्रवाळ मोडतं आणि आपलीही सालपटं निघतात. "तोंड पाण्यात ठेवा, पाय आपोआप वर येतील," एवढंच तुम्ही सांगितलंत आणि ते खरं ठरलं. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही पिशवीत घालायचा नाही, हेही तुम्ही बजावलंत. इतरत्र त्याच प्रवाळावर लोकांना उभं करून फोटो काढतात.

दिवसाची आखणी तर तुम्ही उलटीच केलीत. आमच्या कागदावर आधी भरतपूर आणि नंतर लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल होता. पण पुलाशी जायला ओहोटीच लागते, आणि भरतपूरला ओहोटीत पोहायला गेलं तर पोट खडकाला घासतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे कालच्या गटाची वेळ आज चालत नाही. पुलाकडच्या शेवाळलेल्या दगडांवर चपला घसरतात, मागे पट्टा असलेले सँडल हवेत. आणि डिसेंबरात तिकडे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, आपल्याकडच्यापेक्षा तासभर आधी; त्यामुळे "चहा घेऊन निवांत सहाला जाऊ" हा सातारी हिशेब तिथे चालत नाही.

आता तुमच्या आईंच्या हातच्या सुरमईबद्दल. पाण्यात उतरायच्या आधी तुम्ही फक्त केळं आणि चहा दिलात तेव्हा आमच्यातले काही कुरकुरले होते. भरल्या पोटी लाटांवर डोलत पालथं पडलं की मळमळतं, हे नंतर पटलं. मग दुपारी ते मोहरीतलं कालवण! आमच्या कांदा-लसूण चटणीवर वाढलेल्या जिभेला मोहरी कडू लागेल अशी धास्ती होती. आईंनी कृती हातचं न राखता सांगितली: काळी-पिवळी मोहरी निम्मी निम्मी, अर्धा तास भिजवून, हिरवी मिरची आणि मीठ घालूनच वाटायची, तीही थांबत थांबत. सलग मिक्सर फिरवला की कडवट होते. माशाला हळद-मीठ लावून जेमतेम परतायचं, वाटण घातल्यावर फार उकळायचं नाही आणि गॅस बंद करून चमचाभर कच्चं मोहरीचं तेल वरून सोडायचं.

साताऱ्यात ताजी सुरमई रोज कुठली मिळायला? धरणातला राहू घेऊन करून पाहिलं. राहूला काटे फार, पण चव जमली. फक्त मोहरी सगळी काळी वापरली तर कडू होते, पिवळी मुद्दाम शोधून आणावी लागते. आईंना एवढं विचाराल का, की राहूसाठी वाटणात दही घातलं तर चालेल?

आपले,
साताऱ्याची मंडळी