रेवंदचिनीचा वास

शांघाय, रविवार रात्र

प्रिय बापू,

चौदा महिने तुला एक ओळ नाही. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काल जे झालं ते घरी सांगितलं तर घाबरतील, आणि तुझ्याशिवाय कुणाला ते कळणारही नाही.

माझ्या पित्ताशयात खडा आहे. एकच, 14 मिलिमीटरचा. सूज जुनी, भिंत 3 मिलिमीटरच्या आत हवी, ती 5 झालेली. फेब्रुवारीत पहिली कळ आली, उजव्या बरगडीखालून थेट पाठीत. सर्जन म्हणाला, पित्ताशय काढून टाका. मी तिथून उठलो आणि चिनी औषधांच्या इस्पितळात गेलो. होय बापू, अण्णांच्या खड्याचं सगळं डोळ्यांदेखत पाहिलेला मी.

तिथल्या बाई सत्तरीच्या असतील. दोन्ही मनगटं तीन-तीन बोटांनी धरून बसल्या, जीभ पाहिली, म्हणाल्या, यकृताची 'छी', म्हणजे प्राणशक्ती, अडलीय, त्यात दमट उष्णता साठलीय. मग गाव विचारलं. सोलापूर म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. "के दीहुआ!" अरे, आपले डॉ. कोटणीस! भैय्या चौकातल्या ज्या घरावरून आपण सायकली हाणायचो, तिथला माणूस 1938 साली भारतीय डॉक्टरांच्या पथकातून इथे आला, 1942 मध्ये इथल्याच मातीत गेला, आणि अजून त्याचं नाव या म्हातारीच्या तोंडी. त्याच पथकातले डॉ. बसू पुढे इथेच सुया टोचायला शिकून ती विद्या कोलकात्याला घेऊन गेले. मला भरून आलं.

गुडघ्याखाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला यांगलिंगच्युआन नावाची जागा आहे. त्याच्या जरा खाली त्यांनी बोट दाबलं आणि मी ओरडलोच. त्या जागेचं नावच 'पित्ताशय'. सुई गेली की दुखत नाही, जड होतं, मुंग्या पावलाकडे उतरत जातात. अर्धा तास तसंच पडायचं. कळ खरंच कमी झाली, हे मी तुला खोटं सांगणार नाही.

काढा घरीच करतो. पुडी अर्धा तास भिजवायची, मातीच्या भांड्यात दोनदा उकळायची, दोन्ही पाणी एकत्र. छाइहूची मुळं, आपल्या हळदीच्या कुळातलं युजिन, नारंगीसारख्या आंबट फळाच्या वाळक्या साली, खड्यावर देतात ते जिनछ्येनत्साव गवत, आणि रेवंदचिनी. रेवंदचिनीचा वास आला आणि मला अण्णांच्या उशाशी मी ठेवलेला तो डबा आठवला. तेव्हा तू दारात उभा राहून जे बोललास त्यावर मी दोन वर्षं तुझ्याशी भांडलो. "काढाच होता, विष नव्हतं," म्हणत राहिलो.

(शेंगाची चटणी बंद आहे. सोलापूरकराला ही शिक्षा कुठल्या कायद्यात बसते ते तूच सांग.)

तर काल. तीन महिन्यांनी सोनोग्राफी केली. भिंत 4, खडा 14. तसूभर हलला नाही. मी बाईंना म्हटलं, आणखी सहा महिने काढा द्या. त्यांनी कागद बाजूला सारला. म्हणाल्या, सूज मी उतरवू शकते, दुखणं थांबवू शकते, पण हा खडा विरघळणार नाही. पित्त वाहतं करायच्या नादात नळीत जाऊन अडकला तर कावीळ, नाहीतर स्वादुपिंडाला सूज. आता सर्जनकडे जा. थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर माझ्याकडे येऊ नका, थेट तातडीच्या विभागात जा.

बापू, हेच तू म्हणत होतास. अक्षरशः हेच. स्वादुपिंड हा शब्द मी पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकला होता, त्या रात्री. पित्ताशय शांत झालं म्हणजे खडा गेला असं नाही, हे तुला तेव्हा कळत होतं आणि मला नव्हतं. मी चुकलो. हे बोलायला मला माझं स्वतःचं पोट दुखावं लागलं याचीच लाज वाटते.

इथे जिवलगांसाठी म्हण आहे, यकृत आणि पित्ताशय एकमेकांना उजळतात. बाईंनी ती कोटणीसांवरून सांगितली, मला तू आठवलास.

आईचा गुडघा तसाच आहे. चिनूची दहावी कशी चाललीय? गच्चीचं गळणं थांबलं का? वहिनींना नमस्कार.

ऑपरेशन सोलापुरातच करायचं म्हणतोय, पुढच्या महिन्यात. आईला शेवटच्या दिवशी सांगू. आत नेताना बाहेर तू बसलेला असावास, एवढंच हवंय. येत्या रविवारी तुझ्या दुपारी चारला फोन करतो. उचल.

तुझा,
नंदू