मंडई रविवारी नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, मंडईचे दिवस लागतात. मंडई म्हणजे गावची जत्रा: दिवसा बाजार, घरोघरी पाव्हणे आणि रात्री नाटक. यंदा आमच्या गावच्या पोरांनी नवीनच काढलंय: नेहमीचा दिवस सोडून मंडई रविवारी घ्यायची. पुण्याला-नागपूरला कंपनीत असणाऱ्यांना मधल्या वारी सुटी भेटत नाही म्हणून. शेजारच्या गावांनी हे आधीच करून टाकलंय, आणि त्यातलंच एक माझं माहेर.

मंडईच्या दिवशी सासरी मी चुलीपासून हलत नाही. नणदा, त्यांचे नवरे, ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडून येणाऱ्या आतेसासूबाई, पोरांचे दोस्त; कोण येणार, किती येणार, कोणी सांगत नाही आणि विचारायची पद्धतही नाही. तांदूळ जास्तच शिजवायचा. त्याचं मला काही वाटत नाही, कारण माहेरच्या मंडईला मी पाव्हणी असते. वहिनी ताट वाढते, मी बसल्या जागी जेवते, मग भावाच्या पोरींना घेऊन बाजारात बांगड्या बघत फिरते. दोन्हीकडची मंडई एकाच रविवारी आली तर मी कुठं असेन, हे वेगळं सांगायला नको. ठरवायला बसलेल्यांत बाई एकही नव्हती.

जुन्या लोकांनी गावागणिक वेगळा दिवस ठेवला तो उगाच नाही. आज आपण त्यांच्याकडे जेवलो, परवा ते आपल्याकडे. जिलेबीवाला, खेळण्यांची दुकानं, उकडलेले शिंगाडे विकणाऱ्या ढिवर बाया, आकाशपाळणा, सगळा बाजार असाच एका गावाहून दुसऱ्या गावी सरकत जातो. चार गावांनी एकच दिवस धरला तर मोठ्या गावात पाय ठेवायला जागा नाही आणि आमच्यासारख्या लहान गावात दोन पानठेले. नाटकाचंही तेच. वडशाची कंपनी एका रात्री एकाच गावात उभी राहणार. रविवारच्या तारखेसाठी मंडळांची ओढाताण झाली की भाव चढणार आणि तो तिकिटातून आपल्याच पदरातून जाणार. 2023 मध्ये आपल्याकडच्या झाडीपट्टी नाटकांतले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा गावोगावी केवढा आनंद झाला! त्या रंगभूमीला नुसते रविवार कसे पुरतील?

आणि मंडई म्हणजे फक्त बाजार नाही. नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते पहाटेपर्यंत चालतं, म्हणून पाव्हण्यांना मुक्काम करावाच लागतो. आमच्या ओसरीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरून वर सतरंज्या टाकतात. एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला लेकरं, आणि पुरुष खळ्यावर धानाच्या पुंजण्याच्या, म्हणजे रचलेल्या ढिगाच्या, आडोशाला. झोपतं कोण! थंडी वाजते, तणस टोचते, आणि अंधारात कोणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, कोणाचा भाऊ वाटणीवरून बोलत नाही, सगळं निघतं. माझ्या धाकट्या नणदेची सोयरीक अशीच ओसरीत ठरली, सकाळी पुरुषांना नुसतं कळवलं. उजाडता उजाडता सगळे नाटकातल्या खलनायकाची नक्कल करत चहाची वाट बघतात, आणि आमचे मोठे भाटवे, म्हणजे घरचे थोरले जावई, हिशेबाला बसतात, मंडळाला किती उरलं याचा. त्यांच्या गावचं मंडळ नसलं तरी.

रविवारी हे होईल का? नोकरीवाल्याला सोमवारी हजर व्हायचं असतं. तो दुपारी येईल, फोटो काढील आणि गोंदिया-बल्लारशा गाडी गाठील. ज्यांच्यासाठी दिवस बदलायचा, ते रात्री थांबणारच नाहीत.

पोरांचंही खोटं नाही. सुटी दिवाळीतल्या चार दिवसांपुरती असते आणि मंडया कार्तिक पौर्णिमेपर्यंत लांबतात. शिवाय तेव्हा हलका, लवकर पिकणारा धान घरात आलेला असला तरी भारी, उशिराचा धान बांधीत, म्हणजे शेतातच असतो; कापून ठेवलेल्या कडपांवर पाऊस आला तर मंडई कोणाला सुचते? म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की दसऱ्याच्या आधी आसपासच्या गावांच्या मंडळांनी एकदा एकत्र बसावं. ज्या गावची पोरं जास्त बाहेर आहेत त्या गावाला भाऊबीजेच्या लगतचा दिवस द्यावा, बाकीच्यांनी पुढचे घ्यावेत, एकाचा दिवस दुसऱ्यावर येऊ देऊ नये. तारीख महिनाभर आधी कळली तर कंपनीतला साहेबही रजा नाकारणार नाही, असं माझा मुलगाच म्हणतो.

आपल्याला विनंती अशी की मंडयांच्या तारखा जिल्ह्याच्या पानावर गाववार छापाव्यात. बाहेरगावच्या पोरांना मोबाईलवर वाचता येतील आणि आम्हा बायांना माहेरी कधी जायचं ते ठरवता येईल. जागेची अडचण असेल तर जाहिरातीचे पैसे मंडळाच्या वर्गणीतून देऊ. भाटव्यांना हिशेबाला आणखी एक रकाना मिळेल.

आपली,
एक वाचक
ता. लाखांदूर, जि. भंडारा