बाई, त्या पिवळ्या रंगासाठी आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे आभार घरी येऊन मानले असते तर तुम्ही 'पुरे गं, चहा घे' म्हणून विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. शिवाय माझ्यासारख्या खेड्यातल्या शाळांत शिकवणाऱ्या कितीतरी जणी हे वाचतील. तुम्ही आमच्या मुलींसाठी नेमकं काय केलंत, ते त्यांनाही कळायला हवं.

तुम्ही निवृत्त झालात, तुमची जागा भरली गेली नाही आणि चित्रकलेचा तास वेळापत्रकात नुसता नावाला उरला. मग तुम्हीच शनिवारी सकाळच्या एसटीनं येऊ लागलात. कुणी बोलावलं नव्हतं, मानधन नव्हतं. रंग, ब्रश, ड्रॉइंग शीट, सगळं तुमच्या पिशवीतून यायचं. मुख्याध्यापकांना एवढंच म्हणालात, की आठवी-नववीच्या मुलींचं हस्तलिखित काढू आणि ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, सगळ्यांपुढे ठेवू.

मुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत जे असायला हवं ते आमच्याकडे आधीपासून होतं. २०२२च्या शासन निर्णयाप्रमाणे सखी सावित्री समिती आहे. तक्रारपेटी आहे. १०९८ आणि ११२ हे मदतीचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेत. पेटी ठरल्या दिवशी उघडायची, आत काही नसायचं, रजिस्टरला 'निरंक' लिहायचं. वर्गात विचारलं, 'कुणी त्रास देतं का गं?' की सगळ्या एका सुरात 'नाही मॅडम'. त्यामागे त्यांचा पक्का हिशेब असतो. रस्त्यात कुणी आडवं आलं हे घरी कळलं, तर त्या पोराला कुणी जाब विचारायच्या आधी हिची शाळा बंद होते आणि पाहुणे बघायला येऊ लागतात. आमच्या भागातल्या मुलींना हे कुणी शिकवावं लागत नाही.

'स्त्रीशक्ती' हा विषय दिला तेव्हा पहिल्या शनिवारी जवळजवळ प्रत्येक कागदावर अष्टभुजा उतरली. एका हातात लाटणं, एकात लॅपटॉप, एकात बाळ, एकात त्रिशूळ. तुम्ही कुणाच्याच चित्राला नाव ठेवलं नाहीत. म्हणालात, 'आठ हात नंतर बघू. आधी दोन नीट काढू. आणि घोषवाक्य एकही लिहायचं नाही.' मग कितीतरी तास मुली फक्त हात काढत होत्या. आईचा, आजीचा, स्वतःचा डावा.

नववीतल्या एकीनं कापूस वेचून आलेल्या आईला चुलीपुढे बसवून तिचा हात काढला. सुकलेल्या बोंडांची टोकं लागून नखांच्या कडेला पडलेल्या चिरा तिनं पेन्सिलीनं बारीक बारीक टिपल्या होत्या. खाली लिहिलं होतं, माय आधी हात पदराखाली घेत होती, मग म्हणाली, 'काढ, पन बोटात आंगठी दाखवजो.' ती अंगठी पेरणीच्या वेळी गहाण गेली होती. मुलीनं चित्रात अंगठी काढली, अगदी नक्षीसकट. आठही हातांत कामं कोंबलेली बाई शक्ती म्हणून मुलींपुढे ठेवू नये, हे माझं मत त्या कागदानं कायमचं पक्कं केलं.

मग तुम्ही शीटला शीट चिकटवून वर्गाच्या लांबीचा कागद केलात आणि सगळ्यांना मिळून घर ते शाळा हा रस्ता काढायला सांगितलात. आमच्या मुली आजूबाजूच्या गावांतून येतात, कुणी मानव विकास योजनेच्या निळ्या बसनं, कुणी पायी. फाटा, पानटपरी, पिठाची गिरणी, नाल्यावरचा पूल, हिवाळ्यात डोक्याच्या वर जाणारी तूर, सगळं कागदावर आलं. जिथे पाय आपोआप भरभर पडतात तिथे लाल रंग, एवढीच तुमची सूचना. काय झालं ते विचारलं नाहीत, कुणाचं नाव विचारलं नाहीत. कागद सगळ्यांचा असल्यामुळे कुठला लाल ठिपका कुणाचा हे कुणालाच सांगता येईना, आणि मुलींना नेमकं तेच हवं होतं. तासाभरात पूल लाल झाला. टपरीपुढे तर रंगावर इतका रंग चढला की कागद भिजून फाटला.

ज्यांना रंगापेक्षा शब्द जवळचे, त्यांना तुम्ही कडेच्या मोकळ्या जागेत लिहायला दिलंत. एकीनं लिहिलं: 'टपरी आली का मी मनात सतराचा पाढा म्हनतो. पाढा सरला का टपरी सरते.' ही दोन वाक्यं तुम्ही तशीच वऱ्हाडीत, तिच्याच अक्षरात हस्तलिखितात घेतलीत. मी वर्षानुवर्षं मुलींच्या सुरक्षिततेवरचे निबंध तपासत आलेय. 'काळाची गरज' या शब्दांनी ते सुरू होतात आणि त्याच शब्दांनी संपतात. टपरीपुढून जाताना मुलीच्या डोक्यात काय चालतं, ते त्यांतल्या एकानंही मला सांगितलं नव्हतं.

पण ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले, ते पुढच्या शनिवारी घडलं. तुम्ही पिवळ्या रंगाची वाटी मधोमध ठेवलीत आणि म्हणालात, 'आता जिथे पाणी मागता येतं, जिथे धावत आत शिरता येतं, ती घरं रंगवा.' मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकेक घर निघू लागलं. पंक्चर काढणाऱ्या आजोबांचं दुकान. गिरणीवरच्या काकू. ओट्यावर शिलाई मशीन घेऊन बसणाऱ्या एक बाई. शाळा सुटायच्या वेळी त्या मुद्दाम बाहेर येऊन बसतात, असं वेगवेगळ्या गावांच्या मुलींनी लिहिलं. एकीला माहीत होतं ते दुसरीला माहीत नव्हतं. त्या दिवशी ते सगळ्यांचं झालं. त्या माणसांना तर आपण कुणाच्या नकाशावर आहोत याचा पत्ताच नव्हता. तुम्ही मुलींना घेऊन प्रत्येकाच्या दारी गेलात, चित्र दाखवलंत आणि विचारलंत, 'अडचणीला मुली आल्या तर चालेल ना?' शिलाईवाल्या बाई म्हणाल्या, 'चालते काय, याच!'

सुरक्षितता म्हटलं की आम्ही मोठी माणसं वेळ, कपडे आणि एकटीनं न फिरणं यांवर बोलू लागतो. मुलीनं कुठे कुठे जायचं नाही, त्याची ती यादी असते. मुलीला कुठे जाता येईल याची यादी करणारं माणूस मी तुमच्याआधी पाहिलं नव्हतं.

एक कागद मात्र वेगळा होता. तो कुणाचा, त्यात काय होतं, ते इथे लिहिणार नाही. तुम्ही तो भिंतीवर लावला नाहीत, हस्तलिखितातही घेतला नाहीत. मधल्या सुट्टीत मला बाजूला घेऊन म्हणालात, 'ही मदत मागतेय.' मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ तुम्हाला पाठ होतं: मुलावर किंवा मुलीवर असा अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल, त्यानं ते पोलिसांना कळवलंच पाहिजे. घरातल्या घरात मिटवू म्हणणारे होतेच. तुम्ही आधी मुलीच्या आईजवळ बसलात, मग आम्ही तिघी पोलिसांकडे गेलो. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो, हे तुम्ही तिथे आवाज न चढवता सांगितलंत. तसाच तो घेतला गेला. ती मुलगी आज शाळेत येते. दुसरं काही केलं नसतंत, तरी एवढ्यासाठी मी जन्मभर तुमची ऋणी राहिले असते.

हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर तुम्ही ताराबाई शिंद्यांना आणलंत. आपल्याच बुलढाण्याच्या त्या. पण आमच्या मुलींना जिजाऊंचं सिंदखेडराजा ठाऊक, ताराबाई ठाऊक नव्हत्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला १८८१मध्ये अर्भकहत्येसाठी फाशी सुनावली गेली, अपिलात शिक्षा कमी झाली, तरी सगळ्या बायकांनाच दोष देणं काही थांबेना. १८८२मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून ताराबाईंनी त्याला उत्तर दिलं. हे ऐकून मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'म्हणजे त्याईनं राग आला म्हनून लिहिलं?' तुम्ही म्हणालात, 'राग आला म्हणूनच.' त्यानंतर आलेल्या लिखाणात भीती होतीच, पण रागही मोकळा झाला. माझ्या मते हस्तलिखितातली सर्वांत चांगली पानं तीच आहेत.

जानेवारीत ग्रामसभेआधीच्या महिला सभेत तुम्ही तो लांब कागद नेलात. मुलींना उभं करून बोलायला लावलं नाहीत, नुसता कागद भिंतीला लावलात. बायका जवळ आल्या, पुलावर बोट ठेवून एकेक आपापलं सांगू लागली. लाल रंग आयांच्याही ओळखीचा निघाला. पुलावर दिवे लागले. टपरी आहे तिथेच आहे, पुढचं बाकडं मात्र हललं. एसटीचा थांबा गिरणीसमोर आणायचा अर्ज अजून पडून आहे; त्याच्यामागे आता त्या आयाच लागल्यात.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे यंदा तुम्हाला शनिवारी येता येणार नाही, हे मुलींना सांगितलं. दहावीतल्या मुली आठवीच्या वर्गाकडून नवा नकाशा काढून घेताहेत. फाट्याच्या पलीकडे एक ढाबा झालाय, जुन्या नकाशावर तो नाही.

हस्तलिखिताची रंगीत प्रत पोस्टानं पाठवलीय. मुखपृष्ठावर तुमचं नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली. शेवटच्या पानावर मात्र मुलींनी 'मार्गदर्शन: आमच्या चित्रकलेच्या बाई' असं लिहिलंय. ते तसंच राहू दिलंय, रागावू नका.

मनापासून आभार.

तुमची,
शाळेतली मराठीची शिक्षिका
जि. बुलढाणा